भास्कररावांच्या शेतातला वळसा

भुताखेतांच्या बातम्या मी पुष्कळ उतरवून घेतल्या आहेत. बुलढाण्यात एका दैनिकात उपसंपादक होते तेव्हा अमावास्येच्या आसपास असा एखादा फोन हमखास यायचा. "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" एवढं विचारलं की बहुतेक बातम्या तिथेच संपायच्या. पाहणारा नेहमी मेहुणा असायचा... आणि मेहुणा नेमका गावाला गेलेला असायचा. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच बसला नाही, आजही बसलेला नाही. पण खालचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. दिवसाउजेडी, आणि मेहुण्याशिवाय.

सध्या मी चिखलीत एका लहान खासगी कार्यालयात जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे तयार करण्याचं काम करते. सोबत इरफान असतो. तो मूळचा धाडचा, कामात चोख, बोलण्यात मोकळा.

धाडपासून जीपने थोडं आत गेलं की एक वस्ती लागते. तिथे पाण्याची टाकी आहे, पण टाकीत पाणी नव्हतं, पारवे होते. बायका नाल्याकाठच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. विहीर ते टाकी अशी पाइपलाइन टाकायची होती आणि तिचा मार्ग आखून देण्याचं काम आमच्याकडे आलं. उन्हाळ्याआधी मंजुरी मिळाली नाही तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार होतं. वस्तीतल्या पंचायत सदस्य नजमाबी रोज सकाळी फोन करायच्या.

"ताई, झाला का नकाशा? का मीच काढू चुन्यानं?"

आधी इरफानने सर्व्हेचे आकडे आमच्या सॉफ्टवेअरला चालतील अशा फाइलमध्ये घेतले. अक्षांश आणि रेखांशाचे कॉलम उलटे पडले आणि अख्खी वस्ती आर्क्टिक समुद्रात जाऊन बसली.

"घ्या ताई," तो म्हणाला, "पाण्याचा प्रश्न सुटला."

ही चूक या धंद्यात सगळ्यांकडून होते. कॉलम सुलटे केले, वस्ती धाडजवळ परत आली. मग जमिनीच्या चढउताराची माहिती देऊन सॉफ्टवेअरला विचारलं – विहिरीपासून टाकीपर्यंत सगळ्यात सोपी वाट कोणती? मधे एकच शेत आहे, भास्करराव नावाच्या शेतकऱ्याचं. शेत तळहातासारखं सपाट. उत्तर सरळ रेषाच यायला हवं होतं.

रेषा शेताच्या मध्यापर्यंत सरळ गेली. तिथे तिने डावीकडून व्यवस्थित अर्धगोल वळसा घातला आणि पुन्हा सरळ होऊन टाकीला गेली.

अशा वेळी डेटामध्ये भोक असण्याची शक्यता असते. नकाशातल्या एखाद्या चौकोनाला उंचीचा आकडाच मिळाला नसेल, तर सॉफ्टवेअर तिथे खोल खड्डा आहे असं धरून चालतं. आम्ही तपासलं. उंची होती, आजूबाजूच्या जमिनीइतकीच. फाइल पुन्हा नव्याने तयार केली, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, इरफानच्या मावसभावाचा लॅपटॉप आणला. वळसा कायम.

मंजुरी देणाऱ्या कार्यालयातल्या अभियंता साहेबांनी फोनवर सांगितलं, "वळशाचं कारण लिहा. कारण नसेल तर सरळ आखा."

सरळ आखली. हाताने – विहिरीवर एक क्लिक, टाकीवर एक क्लिक. दोन बिंदूंमधून सरळ रेषा जाते, हे शाळेत शिकवतात. फाइल सेव्ह केली, बंद केली, उघडली. रेषेने वळसा घातलेला होता.

इरफानने फाइल पुन्हा एकदा बंद करून उघडली. "ताई, हे तर माह्या सासऱ्यावानी करून राह्यलं. तोंडावर हो हो म्हणते, अन् पाठ फिरली का आपलंच खरं."

मग त्याने आवाज खाली आणला. "चकवा त नसन?"

रानात माणसाला चकवा लागतो आणि तो फिरत राहतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सॉफ्टवेअरला चकवा लागल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी त्याला गाडी काढायला सांगितली.

आम्ही पोहोचलो तेव्हा भरदुपार होती. सोयाबीन निघालेलं, शेत मोकळं. भास्करराव बांधावर बाभळीखाली बसले होते. मी फोनवर जीपीएस चालू केला आणि विहिरीकडून टाकीकडे बघत नाकासमोर चालत गेले. इरफान मागे. टाकीपाशी पोहोचून फोन पाहिला. त्यावर उमटलेली आमच्या चालण्याची रेषा तशीच होती... मध्यापर्यंत सरळ, मग अर्धगोल.

भास्करराव उठून आले. "मॅडम, तुम्ही काऊन वळून गेले?"

"आम्ही सरळ आलो."

"सरळ? मी पाहून राह्यलो न. बोलत बोलत असे त्या अंगानं गेले दोघंबी."

"काय आहे तिथे?"

"कुठं काय? काहीच नाही."

"मग तुम्ही तिथून सरळ जाता का?"

त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. "नाही बा. आम्ही वळूनच जातो. बैलंबी वळतात."

"का?"

"माहा बाप वळे."

"आणि ते का वळायचे?"

"आता त्याले कसं विचारता?" भास्करराव म्हणाले. "जाऊन झाले त्याले धा-पंधरा वर्षं."

शहानिशा अर्धवट सोडायची नाही म्हणून मी त्या जागेच्या मधोमध उभी राहिले आणि इरफानला फोटो काढायला सांगितलं. पायाखाली साधी काळी माती होती, एवढं मी शपथेवर सांगू शकते. फोटोत मी बांधावर उभी आहे. शेजारी बाभूळ आहे.

परतताना सरळ रस्त्यावर इरफानने दोनदा वळण्याचा इंडिकेटर दिला. हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

आता अडचण अशी होती की कारण लिहिल्याशिवाय मंजुरी नाही, आणि ज्याची खात्री नाही ते मी लिहीत नाही. 'जमीन खडकाळ' लिहा, असं आमच्या कार्यालयातल्या एकाने सुचवलं. जमीन खडकाळ नाही. शेवटी मी साहेबांना सांगितलं, तुम्हीच येऊन बघा. मार्च तोंडावर आला होता, विहिरीचं पाणी खाली जात होतं.

साहेब आले. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मॅडम, तुम्ही मूळच्या पेपरवाल्या. तुम्हाला मसाला लागतो." नजमाबी डोक्यावर पदर घेऊन टाकीखाली उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"साहेब, मसाला राहू द्या, पहिले पाणी पाहा. वाकडं आलं तरी आम्ही पिऊ. वाकडं प्यायल्यानं कोणी मरत नाही."

"शासनाचा पाइप विनाकारण वाकत नाही, बाई," साहेब म्हणाले. "मी चालून दाखवतो." त्यांनी स्वतःचा फोन काढला, पँटचे पाय दुमडले आणि विहिरीकडून निघाले.

आम्ही सगळे टाकीखालून बघत होतो. साहेब ताठ मानेने, ठाम पावलं टाकत येत होते. शेताच्या मध्यावर ते सावकाश डावीकडे वळले, एखाद्या झोपलेल्या माणसाला ओलांडायचं टाळावं तसा फेरा घेतला आणि पुन्हा रेषेवर आले. चेहऱ्यावरचा ठामपणा तसाच होता.

"पाहिलं? नाकाच्या रेषेत," ते म्हणाले.

"साहेब," भास्करराव नम्रपणे म्हणाले, "तुम्ही तं पुरा फेरा मारला."

साहेबांनी फोन बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. फोन बंद करून चालू केला. मग विहिरीकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"पेन द्या."

वळशाच्या कारणापुढे त्यांनी लिहिलं – 'जागेच्या परिस्थितीनुसार.' खाली सही. या दोन शब्दांत एकही गोष्ट खोटी नाही. इतकी वर्षं मजकूर तपासण्यात घालवूनही ते मला सुचले नव्हते.

गाडीत बसताना साहेब हळूच म्हणाले, "हे कुठे छापू नका." म्हणून त्यांचं नाव दिलेलं नाही.

पाइप टाकला गेला, वळसा घालूनच. चर खोदणाऱ्या जेसीबीवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, नकाशाही त्याने पाहिला नाही असं तो म्हणतो. मी फाइल पुण्याच्या एका तज्ज्ञ मित्राला पाठवली. त्याने कळवलं, "रेषा सरळच आहे, तुझं काय चाललंय?" सोबत त्याने स्क्रीनचा फोटो जोडला होता. त्यात वळसा स्पष्ट दिसतो. त्याला तो अजून दिसलेला नाही.

बातमीच्या शेवटी 'कारण समजू शकले नाही' असं एक वाक्य असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'अजून कोणाला विचारलं नाही' एवढाच असतो. मी मात्र सगळ्यांना विचारलं आहे. शेवटचं नजमाबींना विचारलं, नळाला पाणी आलं त्या दिवशी. त्या तोटीखाली हंडा धरून बसल्या होत्या.

"तुम्हाला काय वाटतं, काय असेल तिथे?"

"असन कोणी," त्या हंड्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आपल्या जागेवर हाय बिचारं. पाइपाले आडवं आलं का? नाही आलं न? आमच्या गल्लीतले दोन घरं अजून भांडून राह्यले, आमच्या दारावरून पाइप नेऊ नका म्हणून."

हंडा काठोकाठ भरला. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि दुसरा लावला.