काकाजींची पंचायत समिती

पंचायत समितीवर निवडून आलेली माणसं भंडारा जिल्ह्यात शेकड्यांनी निघतील. तिथे नोकरी करून निवृत्त झालेली त्याहून जास्त निघतील. पण निवडून न येता, नोकरी न करता, केवळ आवडीखातर तीस-पस्तीस वर्षं पंचायत समितीची एकूण एक मासिक सभा प्रेक्षक म्हणून बसून पाहिलेला माणूस अख्ख्या भारतात एकच असावा, आणि ते माझे काकासासरे आहेत. ही सभा कोणालाही मागे बसून पाहता येते, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. काकाजींना ते तरुणपणी कोणीतरी सहज सांगितलं आणि त्या सांगणाऱ्याला आमच्या काकींनी अजून माफ केलेलं नाही.

सभेचा दिवस म्हणजे त्यांचा सण. पहाटे उठून अंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पिशवीत वही आणि भात-लाखोरीच्या डाळीचा डबा. ऐन धानाच्या रोवणीत बांधीभर बाया वाकलेल्या असताना हे गृहस्थ चिखलातून पाय काढून, धुऊन, तालुक्याच्या बसमध्ये बसत. एकदा बपेऱ्याला भाचीचं लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या आणि हे जेवणाच्या पंगतीत नाहीत. सभा दुपारची होती आणि विषय होता पाझर तलावाच्या दुरुस्तीचा. भाचीला आशीर्वाद देऊन ते निघाले होते, हे तिने नंतर सांगितलं. काकी मात्र आल्यागेल्याला सांगतात की यांचं लग्न माझ्यासंगं झालंच नाही, कोरमसंगं झालं.

त्या सभेत पाहायचं तरी काय, असं मीही लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला ओसरीवर बसवून एक सभा सांगितली. चहा दोनदा झाला, तिसऱ्यांदा थंड झाला. कोण सदस्य उभा राहिला, कोणी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं, अधिकाऱ्यांनी पाणी कितव्यांदा मागितलं, आणि मग आवाज एकदम खाली आणून, "विषय मतास टाकला, जवाईबापू." एवढं म्हणून ते थांबले. मी नकळत पुढे सरकून बसलो होतो. विषय गुरांच्या दवाखान्याच्या छपराचा होता. छप्पर मंजूर झालं तेव्हा मला घाम फुटला होता आणि टीव्हीवर चाललेला क्रिकेटचा सामना कोणी जिंकला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

घरातला कोणताही व्यवहार त्यांना ठरावाशिवाय पुरा वाटत नाही. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा माझ्या वडिलांनी सांगून टाकलं की मुलगी आम्हाला पसंत आहे. सगळे हसले, कोणी पेढे आणायला उठलं, तेवढ्यात कोपऱ्यातून काकाजींनी शांतपणे विचारलं, "सूचक झाले. अनुमोदन कोण देऊन राह्यलं?" माझ्या आईला काही समजेना, पण ती घाबरून "मी देते" म्हणाली, म्हणून माझं लग्न झालं. पुढे त्यांच्या वहीत मी ती नोंद डोळ्यांनी पाहिली. विरोधात कोणी नाही, असंही लिहिलेलं होतं. तारखा त्यांना आठवत नाहीत, सभापती आठवतात. माझ्या बायकोच्या जन्माचं साल विचारलं तर त्या वेळी सभापती कोण होते ते सांगतात. धाकटा मेहुणा निवडणुका लांबून प्रशासक बसले होते त्या काळातला, म्हणून तो कोणाचं ऐकत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

अशा या काकाजींच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम गेल्या काही वर्षांतला आहे. पंचायत समितीला नवी इमारत झाली. जुनं सभागृह पाडायचं ठरलं. त्याआधी तिथे निरोपाचा छोटासा कार्यक्रम आणि नव्या इमारतीत आजवरच्या सर्व सभापतींच्या नावांचा फलक, असा बेत होता. नावांची यादी पडताळायला अधिकाऱ्यांनी काकाजींना बोलावलं. बोलावणं आलं त्या दिवशी काकाजींनी दोनदा दाढी केली. यादी त्यांनी उभ्याउभ्या वाचली, दोन नावांची वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले की यात यमुनाबाई नाहीत.

यमुनाबाई कोण, हे त्या कार्यालयात कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला घरच्यांना मात्र तोंडपाठ होतं. बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा पहिल्याच खेपेला निवडून आलेली ही रोवणीला जाणारी बाई. सभेला नवरा सोबत यायचा, बाहेर व्हरांड्यात बसायचा, आणि बाईंनी आत कधी तोंड उघडलं नाही. एका सभेला सभापती आणि उपसभापती दोघेही आले नाहीत. अशा वेळी हजर सदस्यांनी आपल्यातल्या एकाला त्या दिवसापुरतं अध्यक्षस्थानी बसवायचं असतं. सदस्यांत दोन तट होते आणि एकमेकांच्या माणसाला खुर्ची द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी जी काही बोलतच नाही ती बसवा, म्हणून दोघांनी मिळून यमुनाबाईंना बसवलं. विषय रपट्याचा, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाचा होता. रपटा एकच मंजूर होणार होता आणि गावं दोन होती, दोन्हीकडे नाला. मतं समसमान पडली. आता निर्णायक मत अध्यक्षांचं, असं अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर सगळे बाईंकडे पाहू लागले. नवरा त्या दिवशी सोयरिकीला गेला होता. बाईंनी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच बोलल्या, "पाण्यापावसात बाळंतीण कोणत्या नाल्यातून न्या लागते?" मग एका सदस्याने मान खाली घालून दुसऱ्या तटाच्या गावाचं नाव घेतलं, बाईंनी मत तिकडे टाकलं आणि रपटा तिथे झाला.

हे सगळं काकाजींनी अधिकाऱ्यांना त्याच जोशात सांगितलं. अधिकारी तरुण होते, भले होते. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले की एका सभेपुरतं अध्यक्षस्थान म्हणजे सभापतिपद नव्हे, फलकावर नाव घालता येणार नाही. काकाजींना हे कायद्याने पटत होतं, हेच त्यांचं दुःख होतं. घरी आल्यावर त्यांनी त्या वर्षाची वही काढली, तीनदा वाचली आणि जेवले नाहीत. नियमाच्या विरुद्ध ते जाऊ शकत नव्हते आणि बाईंना सोडूही शकत नव्हते. दोन दिवसांनी मला जवाहरनगरला, माझ्या नोकरीच्या ठिकाणी, फोन आला. फलकाचं राहू द्या म्हणाले, बाईंना निरोपाच्या कार्यक्रमाला तरी न्यायचं, गाडी घेऊन या.

मी रजा टाकली. यमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या, अंगणात धानाच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. पंचायत समितीतून न्यायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं की आता कोणती चौकशी आहे. काकाजींनी त्यांना ती सभा पहिल्यापासून सांगितली, आणि सांगता सांगता बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू जे काही उगवत गेलं ते मी विसरणार नाही. त्यांना ते कोणी कधी असं सांगितलंच नव्हतं. वाटेत त्याच रपट्यावरून आमची गाडी गेली. काकाजींनी काच खाली करून बाईंना दाखवला. बाई बराच वेळ मागे वळून पाहत राहिल्या.

कार्यक्रमात भाषणं झाली, हार झाले. शेवटी अधिकाऱ्यांनी स्वतः उठून काकाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. पस्तीस वर्षं त्या सभागृहात बसलेल्या माणसाला तिथे बोलायची ही पहिली संधी होती. ते उभे राहिले, ओठ हलले आणि शब्दच फुटेना. त्यांनी नुसता हात यमुनाबाईंकडे केला. कोणीतरी बाईंना धरून पुढे नेलं, अध्यक्षांच्या त्या जुन्या खुर्चीत बसवलं. बाई माइककडे संशयाने पाहत म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे जेवाले उठून गेले. सभा संपली म्हणून मी म्हणालीच नाई. मले माहीतच नव्हतं म्हणा लागते म्हणून."

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. अध्यक्षांनी संपली असं जाहीर केल्याशिवाय सभा संपत नाही, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं ती सभा चालूच होती, आणि इतक्या सभांची नोंद ठेवूनही हे त्यांच्या वहीतून निसटलं होतं. त्यांना एकदम वाचा फुटली. सगळं सभागृह ऐकेल अशा आवाजात ते म्हणाले, "मंग आता म्हणा, अध्यक्ष मॅडम."

आणि बाई म्हणाल्या. टाळ्या इतक्या वाजल्या की बाहेरचे चहावाले आत येऊन पाहू लागले. तरुण अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे टिपणी लिहिली. फलक नियमाप्रमाणेच लागला, पण त्याच्या शेजारी एका चौकटीत बाईंचा त्या खुर्चीतला फोटो आहे आणि खाली रपट्याची दोन ओळींची हकीकत आहे. त्या दोन ओळी काकाजींच्या आहेत. मूळ मजकूर अकरा पानांचा होता.

पुढच्या पावसाळ्यात जुनं सभागृह पाडलं गेलं. काकाजी पाहायला गेले नाहीत. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत, आणि नव्या इमारतीत जिना आहे. गेल्या महिन्यात सभेच्या दिवशी ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर नुसतेच बसून होते, असं काकींनी फोनवर सांगितलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि सभेला गेलो. नंतर थेट त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, कोण काय बोललं ते एकूण एक सांगितलं. मतास काही टाकलं नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं की मागे बाकावर कोण कोण होतं.

"कोणीच नव्हतं, काकाजी," मी म्हणालो, "मी एकटाच होतो."

त्यावर ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे होतं ना कोणी."