रांगेत न थांबणारी ओवी आणि नांदेडची घसरगुंडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जायचं, असं विचारल्यावर बारा वर्षांचा सोहम म्हणाला, "कुठंच नको. आपण पाळण्यात बसायच्या आधीच परत येतो."

त्याचं खरं होतं. त्याची धाकटी बहीण ओवी स्वमग्न आहे. आपला नंबर कधी येणार हे कळेनासं झालं की ती कान दाबून किंचाळते, हाताला चावते. मग मी तिला उचलून बाहेर पडते आणि माझा नवरा प्रशांत सोहमला घेऊन मागोमाग येतो. सोहमचं ते वाक्य आम्हा दोघांना लागलं. नांदेडजवळच्या वॉटर पार्कला जायचं ठरलं.

अशा मुलांना नेणार असाल तर आधी फोन करा. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "वेगळी रांग न्हाई ताई आमच्याकडं. पण बुधवारी सकाळी या, गर्दी कमी राहते."

बुधवारी उजाडताच लातूर सोडलं. अहमदपूरला पोहे-चहा झाला. पुढं रस्त्याची कामं चालू होती, हाताशी वेळ ठेवा. गाडीत ओवीला पार्कचे फोटो दाखवत राहिले: आधी फाटक, मग कपडे बदलायची खोली, मग पाणी. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण कारण सांगितल्यावर तिच्या दहीभाताचा डबा आत सोडला.

सकाळ छान गेली. मोठ्या हौदाला रांगच नसते. दुपारी मात्र जीपा भरभरून माणसं आली, आणि नेमकं तेव्हाच ओवीनं उंच घसरगुंडीकडं बोट केलं. प्रशांत खाली सामानापाशी थांबला. आम्ही तिघं निम्मा जिना चढलो आणि रांग थांबली. ओवी किंचाळायला लागली.

"लेकराला धाक पायजे जरा," मागचा माणूस म्हणाला.

मी ओवीला उचललं, तेवढ्यात पाहिलं तर सोहम जिना उतरायला लागला होता. त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं.

पुढं भिजल्या साडीतल्या एक मावशी नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय होऊन राहिलं तिला?"

"हट्ट नाही मावशी. तिला थांबणं सोसतच नाही."

त्यांनी क्षणभर ओवीकडं पाहिलं. "मंग तिला खाली फिरवा की. पोरगं थांबंल आमच्यासंग. नंबर आला की या." मग मागं वळून म्हणाल्या, "ही लेक आली की वाट द्या बरं का."

"आम्ही काय उन्हातच उभं राहावं?" कुणीतरी कुरकुरलं.

"तुमची जागा कुठं चाललीय?"

मी ओवीला कारंज्याखाली नेलं. पाण्यात ती शांत झाली. वरून सोहमनं हात केला तेव्हा आम्ही चढलो. लोक कठड्याला सरकले. धाक सांगणाऱ्या माणसानंही आपल्या मुलाला कडेवर घेऊन वाट दिली. ओवी माझ्या मांडीवर बसून घसरली, खाली पाण्यात आपटली आणि हसत सुटली.

"परत?" सोहमनं जपून विचारलं.

मग दुपारभर तेच. प्रशांत रांगेत, मी आणि ओवी पाण्यात. तो पुढच्यामागच्यांना आधीच सांगून ठेवायचा. आमचा अनुभव असा, की रडं सुरू व्हायच्या आधी सांगितलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. दोघातिघांनी नाही म्हटलं, तेव्हा आम्ही हौदात गेलो.

निघताना मावशींचे आभार मानले. त्या कंधारकडच्या. म्हणाल्या, "त्यात काय. आमचे सासरे बघा, ताट यायला उशीर झाला तर घर डोक्यावर घेतात."

मुक्काम नांदेडला नणंदेकडं केला. दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात लंगर जेवून लातूरला परतलो. बसल्याबसल्या समोर पोळी आली, म्हणून ओवीही पोटभर जेवली.

घरी मी ओले कपडे वाळत घालत होते. सोहम फोनवर मित्राला सगळं सांगत होता. घसरगुंडी किती उंच, वळणावर कसा पोटात गोळा येतो. आजवर मित्रांशी बोलताना तो बहिणीचा विषय टाळायचा. त्या दिवशी हसत म्हणाला, "अन् आमची ओवी तर माझ्यापेक्षा जोरात घसरली."

मी हातातला टॉवेल तसाच धरून ऐकत राहिले.