आळशाचं शिसं

लग्न होऊन ती आली तेव्हा घरात शिसं होतं. आग तिने माहेरून आणली, असं सासरचे म्हणायचे. तिच्या वडिलांची विटांची भट्टी होती. नवरा रंगीत काचा कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचा आणि सांध्यांना डाख द्यायचा. तिने मागच्या खोलीत विजेची लहान भट्टी मांडली आणि काचेवर काच ठेवून वितळवू लागली. तिच्या कामात ना पट्टी, ना सांधा. तो म्हणायचा, तू काच शिजवतेस. ती म्हणायची, तुम्ही काचेला कुंपण घालता. हे भांडण एकतीस वर्षं पुरलं.

तो गेला त्याला चार महिने झाले होते. ती रडली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना ती 'बरंय' म्हणायची आणि ते उठले की त्यांचे पेले विसळून पालथे घालायची. नणंद दुकान सांभाळायची आणि वहिनीकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी बघायची. दूध काही उतू जात नव्हतं.

त्याची शेवटची खिडकी टेबलावर आडवी पडून होती. ती वाचनालयाच्या जिन्यासाठी होती. नदी झाली होती, झाडं झाली होती, आभाळात एका काचेचं घर रिकामं होतं. त्या घराची निळी काच त्याने कापून कागदात गुंडाळून ठेवली होती. तसलं निळं करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. हा शेवटचा तुकडा. वाचनालयवाल्यांनी निरोप धाडला होता की, सोमवारपर्यंत खिडकी आली नाही तर साधी काच बसवून घेऊ.

शुक्रवारी तिने निळा तुकडा पट्टीत सरकवला. अडला, म्हणून अंगठ्यांनी दाबला. कट् असा आवाज झाला आणि हातात दोन तुकडे आले.

नणंद म्हणाली, मधे एक बारीक पट्टी घाल, दादा तेच करायचा. पण आभाळावर आडवी रेघ तिला नको होती. तिने दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून भट्टीत ठेवले. भट्टी आपली आपण निवेपर्यंत उघडायची नाही, हा तिचा नियम. शनिवारी ती दिवसभर भट्टीसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. नणंदेने ताट आणून दिलं, ते तिने खाल्लं. काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी तिने झाकण उचललं. तडा नव्हता, जणू कधी काही झालंच नव्हतं. निळं तसंच होतं. तिने तुकडा नेऊन खिडकीतल्या त्या घरात ठेवला, तर चारही बाजूंनी फट.

एकेरी काच पुरती वितळली की कडा आत ओढून घेते, थंडीत माणूस अंग चोरतो तशी. म्हणून खाली दुसरी काच ठेवायची, हे ती शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत आली होती.

तिने नवऱ्याच्या टेबलाचा खालचा खण उघडला. तळाशी रुंद पट्टीचं भेंडोळं होतं. दुसऱ्यांच्या खिडक्या दुरुस्तीला आल्या की तो ही पट्टी नाइलाजाने वापरायचा. ज्याला नीट कापता येत नाही तो रुंद पट्टीखाली लपवतो, म्हणायचा. त्या पट्टीचं नाव त्याने ठेवलं होतं आळशाचं शिसं. स्वतःच्या कामात तिचा बोटभर तुकडाही त्याने कधी लावला नव्हता.

तिने ती ताणून सरळ केली, कापली, निळ्याभोवती बसवली आणि चारही कोपऱ्यांना डाख दिला. डाख जाडाभरडा झाला. सगळ्या खिडकीत तेवढंच एक घर काळ्या, जाड काठाचं दिसत होतं.

नणंद दारात येऊन उभी राहिली.

"दादाला हे चाललं नसतं, वहिनी."

"नसतंच चाललं, वन्सं."

ती वाकली आणि अंगठ्याने पट्टीखाली पुट्टी दाबू लागली. वाकलेली पाठ हलत होती. नणंद जवळ आली.

"रडतेस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "फट भरतेय."