टायपिंगच्या बाई आणि एक पानी पत्र

सुलोचनाबाईंशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळायचं नाही, बोटांकडे बघावं लागे. समोरचा जे बोलेल ते त्यांची बोटं टाइप करत असत. टेबलावर, मांडीवर, एसटीत पुढच्या सीटच्या दांड्यावर, कुठेही. एकदा एका पुढाऱ्याच्या शोकसभेत मी त्यांच्या मागेच बसलो होतो. वक्ता गहिवरून म्हणाला, "तालुक्याचा आधारवड आज उन्मळून पडला," आणि बाईंची बोटं थांबली. शेजारणीच्या कानात त्या म्हणाल्या, "ह्याचे तीन शोकसंदेश मीच टाइप केलेत. तिन्ही बारीला हाच वड पडला." शेजारणीला पदर तोंडात कोंबावा लागला.

आष्टीत तहसीलच्या मागच्या गल्लीत बाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सहा कॉम्प्युटर आणि खिडकीशी तीन जुनी मशिनं. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या तरी बाईंनी ती मशिनं भंगारात दिली नव्हती. "कॉम्प्युटरवर खोडता येतं, म्हणून माणूस बेफिकीर होतो. मशीनवर आधी इचार, मंग बोट," असं त्या म्हणत. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. नवरा लवकर गेला, मुलगी नगरला नांदत होती, आणि बाई दिवसभर त्या खडखडाटात खुशीत असत.

त्याच गल्लीच्या तोंडाशी माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, काळी तार काढायची, नवी भरायची. त्याच हातांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, मी सहा वर्षं एक कादंबरी लिहीत होतो. बायकोशिवाय कुणाला पत्ता नव्हता. पुण्यातल्या एका प्रकाशकाची अट अशी होती की कादंबरी एकदम पाठवायची नाही. आधी तिच्याविषयी एक पानाचं पत्र पाठवायचं, आवडलं तर ते बाकीचं मागवून घेणार. मी चार पानं लिहिली आणि नीट टाइप करून घ्यायला बाईंकडे गेलो.

बाईंनी पहिला परिच्छेद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "मिस्त्री, हे पत्र हाय का सत्यनारायणाचं आवतन?"

"कादंबरीबद्दल आहे, बाई."

"कादंबरी कुठं दिसंना. 'साहित्यशारदेच्या चरणी हे अल्पसे पुष्प.' अल्प हाय तर पाठवतोस कावून?" मग लाल पेन्सिल घेऊन त्यांनी उभी रेघ मारली, वरपासून खालपर्यंत. "'विदारक वास्तवाचा दस्तऐवज.' दस्तऐवज तहसीलमदी असतो, पलीकडं जा. निम्मं पान नमस्कारातच गेलं. तवर तो साहेब पंख्याखाली घोरायला लागला असल."

मी चारची दोन पानं केली. दोनचं एक होत नव्हतं म्हणून अक्षर बारीक केलं. बाईंनी तो कागद खिडकीशी धरला, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलाच्या खणातून भिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. "तूच वाच आता." मी निमूट परत गेलो.

तिसरा मसुदा मात्र त्यांनी ठेवून घेतला. "उद्या संध्याकाळच्या ब्याचला ये," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, पास झालो. दुसऱ्या दिवशी गेलो तर वर्ग चालू होता. नऊ पोरं खाली माना घालून बडवत होती. पहिल्या टेबलावरचा कागद बघितला आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. बाईंनी माझं पत्रच स्पीडचा उतारा म्हणून वाटलं होतं!

"बाई, हे काय केलंत?"

"गप ऱ्हा. वेळ संपू दे."

वेळ संपली. बाईंनी कागद गोळा केले आणि सगळ्यांसमोर मला दाखवू लागल्या. "हे बघ. 'परिप्रेक्ष्य' सात जणांनी चुकवलं. ह्या येड्यानं तर 'परीक्षा केंद्र' लिहिलंय, आन खरं सांगू का, तेच बरं वाटतंय. ही पोरगी तिसऱ्या ओळीला जांभई देत होती." मग वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, "ही गोष्ट पुढं काय झाली, ते कुणाला इचारायचंय का?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "यात गोष्ट होती का मॅडम?"

पोरं गेल्यावर मी रागानेच बसून राहिलो. बाईंनी चहा मागवला. "मला सांग," त्या म्हणाल्या, "पत्र सोड. हाय काय त्या कादंबरीत?"

"एक पाणाड्या आहे. जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगणारा."

"कुणाचा कोण?"

"माझे वडील. साऱ्या पंचक्रोशीला त्यांनी विहिरी दाखवल्या. पण बाई, आमच्या रानात विहीर नव्हती. आई जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायची."

बाईंची बोटं टेबलावर चालत होती. मी बोलायचा थांबलो तरी ती पुढच्या शब्दाची वाट बघत अधांतरी राहिली. "कावून नव्हती विहीर?"

"आपल्या घरी पाणी नाही लागलं तर नाव जाईल, या भीतीनं त्यांनी कधी बघितलंच नाही. म्हणजे मला तसं वाटतं."

"आन हे पत्रात कावून न्हाई?"

"लाज वाटते."

"मंग हेच लिही. लाज वाटत न्हाई ते समदं तुझं तीनदा लिहून झालंय."

चौथं पत्र त्यांनी पुन्हा वर्गाला दिलं. मी दाराबाहेर उभा होतो. पत्र लहान होतं, वेळेआधीच पोरं थांबली. मग जांभई देणारी तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढं काय? त्यांनी विहीर कावून न्हाई खणली?" बाई म्हणाल्या, "ते पुण्याला इचारा," आणि दाराकडे बघून त्यांनी मला डोळा मारला. साठीतल्या बाईंनी डोळा मारल्यावर काय करावं हे मला सुचेना. मी नमस्कार केला.

पण आष्टी केवढी! नऊ पोरांनी नऊ घरी सांगितलं. दुकानात मोटार टाकायला आलेला माणूस मोटारीचं नाव काढीना. "लेखक, पुढं काय झालं मग?" आणि रविवारच्या बाजारात ही गोष्ट माझ्या वडिलांच्या कानावर गेली.

ऐंशीच्या घरातले आबा. धोतर सावरत ते थेट इन्स्टिट्यूटमध्ये गेले. कुणीतरी मला सांगत आलं, मी हातातली मोटार टाकून पळालो. आत आबा एका जुन्या मशीनसमोर बसले होते.

"बाई," ते म्हणत होते, "माझ्या रानाचा पेपर तुमी पोरांकडून सोडवून घेता म्हणं. वाचा मला."

बाईंनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. मला बाईंचा राग आला आणि आबांची कीव आली. आबा नको म्हणाले असते तर मी कादंबरी फाडली असती, यात मला आजही शंका नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नारळ लिहिलाय. पाणी बघताना मी हातात नारळ न्हाई धरायचो. लिंबाच्या फांदीचा बेचका धरायचो. नारळवाले लबाड असत्यात."

"दुरुस्त करते," बाई म्हणाल्या.

"बाकी भेत होतो ते खरं हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पर एकदा बेचका घिऊन आपल्या रानात निघालतो मी. ह्याची आई मागं आली. म्हणली, ऱ्हाऊ द्या. गावात तुमचं नाव हाय, माझ्या डोक्यावर हंडा हाय. दोनी नीट चाललंय, चालू द्या. मंग माघारी फिरलो. ती व्हती तवर पुन्ना तो इषय न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ती बिचारी काही न समजता पाणी वाहत राहिली, असं मी सहा वर्षं लिहीत आलो होतो.

बाईंनी नाक ओढलं आणि लगेच नेहमीच्या सुरात आल्या. "ऐकलंस का मिस्त्री? तुझ्या आईनं दोन वाक्यांत आटोपलं. तुला सहा वर्षं लागली, तरी चुकलंच."

"आबा, पाठवू का पत्र?" मी विचारलं.

"पाठव. बेचका लिही."

बाईंनी मात्र पत्र अडवलं. "आधी शेवटचं प्रकरण पुन्ना लिही. आत न्हाई ते पत्रात सांगायचं न्हाई." त्यात दोन महिने गेले. मग एका सकाळी त्यांनी स्वतः खिडकीजवळच्या मशीनवर बसून पत्र टाइप केलं:

"स. न. मी आष्टीत मोटारी भरतो. माझे वडील पाणाडे होते. लिंबाचा बेचका धरून त्यांनी पंचक्रोशीला विहिरी दाखवल्या. आमच्या रानात विहीर नव्हती. आई जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणत राहिली, आणि तसं का, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं. त्याची ही कादंबरी आहे. हवी असल्यास पाठवतो."

शेवटी "कृपया विचार व्हावा" घालू का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "भीक मागायची न्हाई, भाव बी खायचा न्हाई. सही कर."

अडीच महिन्यांनी पुण्याहून फोन आला. प्रकाशकांनी आधी नाव विचारलं आणि लगेच म्हणाले, "अहो, आईला काय माहीत होतं?" मी धावत बाईंकडे गेलो.

"सांगितलंस का?"

"नाही. म्हटलं, कादंबरी पाठवतो."

"शिकलास," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या पोराच्या डोक्यात टपली मारून त्याला मान खाली घालायला लावली.

कादंबरी छापून आली तोवर गुडघ्यांपुढे हार मानून बाई नगरला मुलीकडे गेल्या होत्या. जाताना इन्स्टिट्यूटची किल्ली त्यांनी त्या जांभई देणाऱ्या मुलीच्या हातात दिली. मी पहिली प्रत पोस्टाने पाठवली. महिन्याने उत्तर आलं, टाइप केलेलं. कौतुकाचा एक शब्द नाही. नुसती यादी. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. अशा चाळीस चुका. शेवटची नोंद तेवढी वेगळी होती: "पान १८२ तपासता आले नाही. चष्म्याला वाफ धरली होती."

एकशे ब्याऐंशीव्या पानावर आबा बेचका घेऊन निघतात आणि आई मागून येते.

त्यानंतर चार महिन्यांनी बाई गेल्या. दुसऱ्या छपाईच्या वेळी प्रकाशकांनी विचारलं, काही दुरुस्त्या आहेत का? बाईंची यादी समोर ठेवून मी चाळीस चुका सांगितल्या. मग ते म्हणाले, एकशे ब्याऐंशीवर एक वेलांटी चुकली आहे, ती सुधारतो.

मी म्हटलं, ती राहू द्या.