ठिपके मोजणाऱ्या बाई

मी भौतिकशास्त्र शिकवायचो त्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या डेमॉन्स्ट्रेटर बाई आलेख नुसते पाहत नसत, मोजत. परदेशी नियतकालिकांच्या पुण्याहून आणलेल्या फोटोस्टॅट प्रतींवर त्या कंपासपेटीतला डिव्हायडर टेकवत आणि एकेका ठिपक्याची किंमत वहीत उतरवत. अवकाशयानांनी पाठवलेली मूळ मोजमापं सत्तरच्या दशकातल्या नाशिकला कोण देणार होतं? त्या ठिपक्यांवरच बाईंचा प्रबंध उभा होता.

विषय होता सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या तापमानाचा. सूर्यापासून निघालेला हा कणांचा वारा पसरत जातो तसा गार व्हायला हवा. बाई म्हणत, "इलेक्ट्रॉन होतात हो सर गार, पण पुस्तकात म्हटलंय तेवढे नाही. मागून सूर्याची ऊब येतच राहते त्यांना." स्टाफरूममध्ये यावर हशा पिके. बाई नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतून सायकलवर येत. "इथवर आल्या, तेवढं पुरे नाही का?" असं एकजण म्हणाला, तेव्हा मीही हसलो. आज सांगताना लाज वाटते.

बाईंचा स्वतःच्या हातावर मात्र विश्वास नसे. "माझं चुकलं असेल, तुम्ही मोजून बघा," म्हणत त्यांनी वही माझ्या गळ्यात मारली. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी ठिपके मोजत बसलो. "तुमचं बरोबर आहे," असं सांगितलं, तर बाईंनी शिपायासकट सगळ्यांना चिवडा वाटला.

प्रबंध पुढे पाठवायचा का, हे ठरवायला विभागप्रमुखांनी बाईंना आणि मला समोर बसवलं. "प्रती काढताना आलेख आखडले असणार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही तपासलंत ना?" माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"वरवर पाहिलंय, सर," मी म्हणालो.

बाईंनी वही मिटून पिशवीत ठेवली. प्रबंध तिथेच अडकला आणि त्या मनमाडला शाळेत शिकवायला गेल्या.

काही वर्षांनी एका परदेशी अंकात तोच निष्कर्ष छापून आला. मी तो घेऊन मनमाड गाठलं. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचून काढला. "चला, कुणीतरी नीट मोजलं," म्हणाल्या, आणि खरंच खूश झाल्या. मग चहा ओतताना विचारलं, "आता प्रमुख कोण आहेत तुमच्याकडे?"

"मीच."

बाईंनी किटली खाली ठेवली. "मग हे मला काय दाखवताय, सर? तिथं सांगा ना."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत बसलो. सांगितलं नाही.