काकांनी पास केलेली बाटली

पाणी पिणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांची आमच्या शेजारच्या काकांशी गाठ पडलेली नाही. पाणी ठीक आहे हो, पण ते कशातून प्यायचं? या एका प्रश्नावरून त्या माणसाने परदेशातल्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या शांत गल्लीत जो धुमाकूळ घातला, तो आठवला की आजही माझं डोकं तापतं. आणि हे काही माझे सख्खे काका नव्हेत. शेजारच्या अश्विनीचे वडील. लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत करायला नाशिकहून आले, पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि परत निघायच्या आत कोविडमुळे विमानंच बंद पडली. बायको, मुलगा, नात सगळे तिकडे, आणि हे इकडे अडकले. अश्विनी आणि तिचा नवरा दिवसभर दारं लावून लॅपटॉपसमोर. मग काकांनी करायचं काय? तर आमच्या दोन घरांमध्ये पत्र्याचं कुंपण आहे, त्याच्या पलीकडे एक बादली पालथी घालायची, तिच्यावर चढायचं आणि मास्क लावलेलं डोकं आमच्या अंगणात काढायचं. अंतराचा नियम मोडायचा नाही आणि आमचा पिच्छाही सोडायचा नाही! मी कपडे वाळत घालत असले की अचानक पाठीमागून यायचं, "अगं, ऐकलंस का?" आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडायचा.

काकांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात झाली. तिथे प्लास्टिकचे डबे आणि बाटल्या बनायच्या आणि काका तपासणी खात्यात होते. समोर आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, टिचकी मारायची, हुंगायचा आणि म्हणायचं, "पास" किंवा "रिजेक्ट". कारखाना सुटला, सवय सुटली नाही. माझा उपमा त्यांनी कुंपणावरून नुसता बघून रिजेक्ट केला होता. माझ्या नवऱ्याने हौसेने आणलेल्या बार्बेक्यूच्या पायांना कुंपणावरून काठीने टिचकी मारून तोही रिजेक्ट केला. (त्याचा पाय पुढच्याच आठवड्यात निखळला, म्हणून नवरा त्यांच्यावर जास्तच चिडला.) बरं, वाद घालायची सोय नाही. "आम्ही काय काय वितळवून काय काय बनवायचो ते तुला सांगितलं ना," काका म्हणायचे, "तर तू पाणी पिणंच सोडशील." मग सांगायचे मात्र काहीच नाहीत. नुसतं डोकं हलवायचे आणि बादलीवरून उतरायचे.

पुढच्या फेब्रुवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, आमची सई शाळेत जायला लागली. किंडीचा, म्हणजे इथल्या शाळेतल्या पहिल्या वर्गाचा, पहिला दिवस, गुडघ्याखाली येणारा गणवेश, डोळ्यांवर येणारी टोपी. एरवी शाळेत पाण्याचे नळ असतात, इथे त्यांना बबलर म्हणतात. पण कोविडमुळे सगळे बबलर पिवळी पट्टी गुंडाळून बंद केलेले. प्रत्येकाने पाणी घरून आणायचं. आता सईला नाताळच्या सुमारास लघवीचा त्रास झाला होता. तापाने फणफणली होती पोर. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हिला दिवसभर पाणी पाजत राहा, नाहीतर हे पुन्हा उलटेल. मी युनिकॉर्नचं चित्र असलेली मस्त गुलाबी बाटली घेतली, भरून दिली. पहिल्या दिवशी ती अर्धी झालेली आली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र जशीच्या तशी भरलेली परत आली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ होईल असं ऊन, आणि माझ्या पोरीने घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात कुंपणावर डोकं उगवलं. "दाखव बाटली." मी दाखवली. काकांनी शनिवारी तीत पाणी भरून ती दुपारभर उन्हात ठेवली, मग मास्क खाली करून हुंगली. "रिजेक्ट. मुलांना कळतं. म्हणूनच पीत नाही ती."

"काका, तिच्यावर बीपीए-फ्री लिहिलंय. प्लास्टिकमधलं ते घातक रसायन नाही तिच्यात."

"काय नाही ते लिहिलंय. काय आहे ते कुठे लिहिलंय?"

आईचं मन, शंकेचा किडा एकदा शिरला की शिरला. मी काचेची बाटली आणली. काका खूश. "काच कधी खोटं बोलत नाही," म्हणाले. शाळेने दुसऱ्याच दिवशी गोड हसून परत पाठवली, काच चालत नाही म्हणून. तीही भरलेलीच होती. मग काकांनी वास्तुशांतीत आलेली तांब्याची बाटली काढली, स्वतः चिंचेने घासून लखलखीत करून दिली. ती इतकी जड की सई दप्तरासकट एका बाजूला कलायची. तीही भरलेली परत. निदान सरबत तरी पिईल म्हणून मी एकदा त्यात लिंबू पिळलं, तर काका बादलीवरून पडता पडता राहिले. "तांब्यात आंबट? विष करतेस का त्याचं?" अहो, विष व्हायला तिने प्यायला तर हवं! मग अॅल्युमिनियमची, हलकी, सुंदर. काकांनी आत टॉर्च मारला. "आतून लेप आहे. लेप उडाला की पोटात. रिजेक्ट." रोज बाटली भरलेली यायची आणि रोज या माणसाच्या चेहऱ्यावर 'बघ, मी म्हणालो नव्हतो?' असा आनंद. माझी झोप उडालेली आणि यांची तपासणी रंगात आलेली. संताप संताप व्हायचा.

शेवटी ठरलं, स्टील. पण कुठलं स्टील? काका आमच्या फ्रिजवरचं कोआलाचं मॅग्नेट खिशात घालून मॉलमध्ये आले. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्क लावलेला, स्वेटर घातलेला (होय, त्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण मॉलचा एसी त्यांनी रिजेक्ट केला होता) एक वयस्क गृहस्थ एकेका बाटलीला कोआला लावून बघतोय. आणि दिवस असे की कुणी उगाच वस्तूला हात लावला तरी लोक दचकायचे. दुकानातली मुलगी सॅनिटायझरची बाटली घेऊन आमच्या मागे मागे. "ऑल गुड, मेट?" तिने विचारलं. "नॉट ऑल," काका गंभीरपणे म्हणाले, "ओन्ली धिस वन." मी तोंड लपवून शँपूच्या रांगेत निघून गेले.

ती बाटली पास झाली. साधी, बिनरंगाची, बिनयुनिकॉर्नची. घरी आल्यावर मी म्हटलं, "पण काका, झाकण प्लास्टिकचंच आहे." काकांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी? पासवाली बाटलीही भरलेलीच परत आली. रात्री सई म्हणाली, "आई, इट हर्ट्स." पुन्हा तेच दुखणं, पुन्हा डॉक्टर, पुन्हा औषध.

तेव्हा पालकांना शाळेच्या फाटकाच्या आत सोडायचे नाहीत. त्यामुळे आत काय चालतं ते आम्हाला दिसायचंच नाही. मी फाटकावरच तिच्या बाईंना गाठलं. बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, पहिल्या दिवशी सई बाटली उंच धरून वरून पाणी तोंडात सोडायला बघत होती, सगळं अंगावर सांडलं, मुलं हसली, तेव्हापासून तिने बाटली दप्तरातून काढणंच सोडलं. मी सईकडे बघितलं. ती म्हणाली, "काका आजोबा सेड नो माउथ. इट गेट्स उष्टं, आई."

म्हणजे जवळजवळ वर्षभर कुंपणावर उभं राहून या माणसाने माझ्या पोरीला हे शिकवलं होतं! आणि मला ते दिसतही होतं. काका मान मागे टाकून वरून धार सोडायचे, थेंब इकडचा तिकडे नाही, आणि सई टाळ्या पिटायची. मला कौतुकच वाटायचं त्याचं, कारण आमच्याकडेही असंच पितात. मी घरी आले, दप्तर फेकलं आणि कुंपणाचा पत्रा दणादणा वाजवला. डोकं उगवल्याबरोबर तोंडाला येईल ते बोलले. "काच, तांबं, स्टील, कोआला! पोर तहानलेली राहिली ती तुमच्या उष्ट्यामुळे!" डोकं हळूच खाली गेलं. बादली सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पहिल्यांदाच कुंपण सोडून आमच्या फाटकातून आले. हातात तसलीच स्टीलची बाटली, स्वतःसाठी आणलेली. आमच्या पायरीपासून लांब खुर्ची ओढून बसले. मास्क काढून खिशात ठेवला. "सई, इकडे बघ." बाटली सवयीने वर गेली, मग त्यांनी ती खाली आणली. पंच्याने तोंड पुसलं. डोळे मिटले. आणि जन्मात कधी कशाला तोंड न लावलेल्या त्या माणसाने बाटलीला ओठ लावले. जमेना. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, स्वेटर ओला झाला. सई पोट धरून हसायला लागली. "नॉट लाइक दॅट, आजोबा! वॉच मी." तिने स्वतःची बाटली तोंडाला लावली आणि गटागटा अर्धी रिकामी केली. काका बघत राहिले. "पास," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिकडे माझी नातही यंदाच शाळेत जायची होती गं." माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढे सीमा उघडल्या, काका नाशिकला परतले. परवा व्हिडिओ कॉलवर काकू तक्रार करत होत्या, "हे तिकडून काय शिकून आलेत बघ! बाटलीला तोंड लावून पितात. सगळं घर उष्टं केलं." मागे काका होते. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी आपली बाटली आम्हाला दाखवली, आणि इकडून सईने तिची पोचे आलेली बाटली उंच धरली.

पलीकडे ती बादली अजून पालथीच आहे, अश्विनीने उचललेली नाही. मी कपडे वाळत घालते. मागून कुणी हाक मारत नाही, हातातला चिमटा पडत नाही. आणि मला ते अजिबात आवडत नाही.