मेव्हण्याने अडवलेलं पाणी

आमचा मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गावच्या शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आणि त्याला डबा द्यायला त्याची बहीण यायची. पुढचं हिच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

त्याच्या घरी पाण्याचा फार जाच. सासूबाई लांबून घागरी आणायच्या. हात धुतले की ते पाणी झाडाच्या बुंध्यात पडलं पाहिजे, नाहीतर पाठीत धपाटा. असा पोरगा मोठा होऊन माळी झाला, यात नवल कसलं? पाणी वाहून जाताना दिसलं की चटका बसल्यासारखा तो अडवायला धावे.

शहरात आलो तेव्हा आमच्या गल्लीमागे गवताची टेकडी होती. कितीही पाऊस पडो, ती पिऊन टाकायची. मग ती सपाट झाली, वर इमारती आल्या, रस्ते आले, गाड्या लावायला फरशी आली. आता तिथलं पाणी जिरणार कुठे? म्हणून इंजिनियरने उताराच्या टोकाला ऐसपैस खड्डा खणला, कडेला मातीचा बांध घातला आणि तळाशी एक पाइप ठेवला. पावसाचं पाणी खड्ड्यात साठावं आणि पाइपातून सावकाश नाल्यात जावं, असा हिशेब. नाला आमच्या गल्लीला लागूनच. तिथेच मेव्हण्याचं घर, आणि वरच्या इमारतींच्या बागेत तो माळी.

इंजिनियर त्याला सांगून गेला, "माळीमामा, हा खड्डा रिकामा ठेवा. रिकामं राहणं हेच त्याचं काम."

मेव्हणा घरी येऊन हसला. "दाजी, खड्डा खणतात आणि वर म्हणतात भरू नको. ताट मांडून उपाशी बसवल्यातली गत."

रिकाम्या खड्ड्यात कचरा साचला, डास झाले. इमारतींच्या सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "माळी, याचं काहीतरी करा हो, बघवत नाही." एवढं निमित्त त्याला पुरलं. पावसाळा सरता सरता त्याने पाइपाच्या तोंडावर जाड फळी ठोकली, भोवती चिकणमाती लिंपली. तळं झालं. कमळं लावली, बदकं आणली, काठाला बाक आले. लोक संध्याकाळी तिथे फिरायला लागले, त्याला तळेवाले म्हणायला लागले. इतका खूश मी त्याला स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी मी त्याच्या अवजारांच्या खोलीत चहाला बसलो होतो. सकाळपासून पाऊस नुसता ओतत होता. रस्त्यांवरून, गच्च्यांच्या पन्हाळींतून सगळं पाणी धावत तळ्याकडे. आणि तळं आधीच काठोकाठ. मेव्हण्याने दारातून पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"दाजी, बांधावरून पाणी चाललंय. कोपरा खचतोय."

"मग फळी काढ की."

"बांध गेला तर सगळं एकदम गल्लीत उतरेल. आई..."

सासूबाईंचं एक अंग गेलेलं. खाली गल्लीतल्या त्याच्या घरात, बसक्या खोलीत त्या खाटेवर, आणि जवळ एकटी त्याची बायको. त्याने फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो फाटकाकडे चार पावलं गेला, परत फिरला. माणसाला रस्त्याने वळसा घालून जावं लागतं, पाण्याला वळसा नसतो. अंगातला सदराही न काढता त्याने तळ्यात उडी घेतली.

बुडी मारायची, पहार फळीमागे घुसवायची, ती सटकायची, श्वासाला वर यायचं, पुन्हा खाली. फळी फुगून बसलेली, वर अख्ख्या तळ्याचा भार. मी काठावर पालथा पडून त्याला धरायला बघत होतो. दर वेळी तो वर येई आणि एकच विचारी, "उचलला का फोन?"

सेक्रेटरीणबाई छत्री घेऊन आल्या. "अहो माळी, कमळं तुटतायत."

"कमळं गेली खड्ड्यात, बाई. दोर धरा."

पहार एकदाची फळीमागे अडकली. तिच्या वरच्या टोकाला त्याने दोर बांधला. बाईंनी छत्री टाकली, रखवालदार आला, फिरायला येणारे आले, सगळ्यांनी ओढलं. फळी कडाडली. पाइपाने असा घोट घेतला की मेव्हण्याचा पायच आत निघाला. मी कॉलर धरली, ती फाटून हातात आली. मग केस धरले. त्याचे केस पुढे विरळ झाले ते माझ्यामुळे, असं तो अजून सांगतो.

खचत्या कोपऱ्यावर आम्ही खताची पोती रचली. पाणी चढायचं थांबलं, मग बोटभर उतरलं. तेवढं दिसताच तो धावत सुटला आणि मी धापा टाकत मागे.

गल्लीत मांडीएवढं गढूळ पाणी. खाट तरंगत होती, रिकामी. ती पाहून मेव्हणा उंबऱ्यातच भिंतीला धरून उभा राहिला.

"इकडे," आतून बायकोचा आवाज आला.

सासूबाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गोधडीत गुंडाळलेल्या, बायको त्यांना कवेत धरून उभी. शेजारी टोपल्यात दोन बदकं.

"ही आधी आली दारात, वाहत," ती म्हणाली. "म्हटलं, बदकं इथे आहेत तर तळं कुठे आहे? शेजारणीला हाक मारली आणि आईंना उचललं. फोन बुडाला."

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. वाकड्या ओठांतून सावकाश शब्द आले. "पाणी जपलंस रे."

तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

सासूबाई वाचल्या. घरातलं धान्य, अंथरुणं, भिंतींचा गिलावा, सगळं गेलं. बदकं आता आमच्या गल्लीत राहतात आणि पोस्टमनला चावतात.

खड्डा पुन्हा रिकामा आहे. पाऊस लागला की मेव्हणा जेवत नाही. पाइपाच्या तोंडाशी बसून पानं, पिशव्या काढत राहतो, मध्येच घरी फोन करतो. परवा सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "थोडंसं पाणी ठेवलं तर नाही का चालणार? शोभा गेली हो."

"बाई," तो म्हणाला, "माझी आई खाली राहते."

पण एवढं पाणी निघून जाताना बघणं त्याला आजही जमत नाही. तो पाइपाकडे पाठ करून बसतो आणि नुसता आवाज ऐकतो.